विश्लेषण : मुख्याध्यापकाविना शाळा! वॉल्डॉर्फ शिक्षकांची साप्ताहिक बैठक कशासाठी?

पहिलीला जो वर्गशिक्षक तोच आठवीपर्यंत, हातात छापील पाठ्यपुस्तक नाही आणि वर डोक्यावर मुख्याध्यापकही नाही. जगभरातील वॉल्डॉर्फ शाळांची ही रचना शंभर वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. मग शिक्षक चुकला तर त्याला सांगते कोण? तो नवे शिकतो कुठे? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर आठवड्यातून एकदा, शाळा सुटल्यावर भरणाऱ्या एका बैठकीत शोधावे लागते.

एकाच शिक्षकाकडे आठ वर्षे मूल?

वॉल्डॉर्फ किंवा स्टायनर शाळांची ओळख पालकांना बहुधा लाकडी खेळणी, विणकाम, मेणाचे रंग आणि मोबाइलबंदी यांतून होते. हा भाग फोटोत छान दिसतो. शाळेचा खरा कणा मात्र वर्गशिक्षक आहे. पारंपरिक रचनेत पहिलीचा वर्गशिक्षक त्याच मुलांबरोबर दरवर्षी एक इयत्ता वर चढतो. रोज सकाळचा पहिला, साधारण दीड ते दोन तासांचा ‘मुख्य तास’ त्याचा. त्यात एकच विषय सलग तीन-चार आठवडे चालतो. आधी गणित, मग भाषा, मग भूगोल, असे. परकीय भाषा, संगीत, हस्तकला, युरिदमी ही लयबद्ध हालचालींची कला, यांना वेगळे शिक्षक असतात. पण प्रगतिपुस्तकात गुणांऐवजी मुलाचे चार ओळींत शब्दचित्र लिहिणारा, पालकांशी बोलणारा, मूल कुठे अडले हे ओळखणारा माणूस तोच.

याचा फायदा उघड आहे. शिक्षकाला मूल ओळखायला अर्धे वर्ष घालवावे लागत नाही. दुसरीत ज्याला वाचन जमत नव्हते तो पाचवीत का बुजतो, हे त्याला ठाऊक असते. तोटाही तेवढाच उघड आहे. शिक्षक चांगला निघाला तर आठ वर्षे चांगली. नाही निघाला तर? अभियांत्रिकीत एकाच भागावर अख्खी यंत्रणा विसंबून असली की त्याला जोडीला दुसरा भाग ठेवतात. इथे तसा दुसरा वर्गशिक्षक नसतो. त्याची जागा सहकारी शिक्षकांनी भरून काढायची, अशी अपेक्षा आहे. म्हणून या शाळांत सहकाऱ्यांची बैठक ही सोय नसून गरज ठरते.

सिगारेटच्या कारखान्यातून शाळा कशी निघाली?

पहिली शाळा ७ सप्टेंबर १९१९ रोजी जर्मनीतील श्टुटगार्ट शहरात सुरू झाली. पहिले महायुद्ध हरलेला देश, कोलमडलेले राज्य आणि रस्त्यावर बेकारी, असा तो काळ. वॉल्डॉर्फ-अस्टोरिया सिगारेट कारखान्याचे मालक एमिल मोल्ट यांना कामगारांच्या मुलांसाठी शाळा हवी होती. ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ रुडॉल्फ स्टायनर यांनी एप्रिल १९१९मध्ये कारखान्यात कामगारांपुढे भाषण केले आणि त्यानंतर अवघ्या साडेचार महिन्यांत शाळा उघडली. प्लास्टिकही नको म्हणणाऱ्या या शाळांना नाव मात्र सिगारेटच्या छापावरून मिळाले, ही गंमत सहसा माहितीपत्रकात सापडत नाही.

स्टायनर यांनी अटी घातल्या होत्या. शाळा सर्व थरांतील मुलांसाठी खुली हवी, मुले-मुली एकत्र शिकावीत, बारा वर्षांचे शिक्षण सलग असावे आणि कारभार शिकवणाऱ्यांच्या हाती असावा. त्या काळच्या जर्मनीत यातली प्रत्येक अट रूढ व्यवस्थेला छेद देणारी होती. कामगाराचे पोर आणि कारखान्यातील अधिकाऱ्याचे पोर तोवर एका बाकावर बसत नसे.

पहिल्या दिवशी आठ वर्ग, २५६ मुले आणि डझनभर शिक्षक होते. यातले सगळे काही पेशाने शिक्षक नव्हते. त्यांची तयारी करून घेण्यासाठी २१ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर असा जेमतेम दोन आठवड्यांचा वर्ग झाला. सकाळी मुलाच्या वाढीवर व्याख्यान, त्यानंतर शिकवण्याच्या पद्धतीवर व्याख्यान आणि दुपारी चर्चा. दुपारच्या सत्रात शिक्षकांना प्रत्यक्ष कामे दिली जात. ही गोष्ट मुलांना कशी सांगाल, वर्गात दंगा करणाऱ्याचे काय कराल, अमुक गणित कसे मांडाल, अशी. त्यावर बाकीचे बोलत. कॅरोलिन फॉन हायडेब्रांड, हर्बर्ट हान, कार्ल श्टॉकमायर ही मंडळी त्या पहिल्या तुकडीतली. वॉल्डॉर्फ शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा साचा त्या पंधरवड्यात पडला आणि तो आजही फारसा बदललेला नाही. सकाळच्या व्याख्यानांचे पुस्तक आजही बहुतेक प्रशिक्षण केंद्रांत अभ्यासाला असते.

मुख्याध्यापक का नको?

शाळा सरकारी खात्यासारखी वरून खाली चालू नये, शिक्षकांनी ती प्रजासत्ताकासारखी चालवावी, ही स्टायनर यांची भूमिका होती. त्यामागचा तर्क साधा होता. वर्गात काय करायचे हे ठरवण्याची जबाबदारी ज्याच्यावर नाही, तो माणूस त्या कामात मनापासून उतरत नाही. वरून आलेला आदेश पाळणारा शिक्षक मुलांना स्वतंत्र विचार कसा शिकवणार?

प्रत्यक्षात सुरुवातीची वर्षे इतकी प्रजासत्ताक नव्हती. १९१९ ते १९२४ या काळात स्टायनर यांनी शिक्षकांबरोबर घेतलेल्या सुमारे ७० बैठकांचे वृत्तांत छापलेले आहेत. ते वाचले तर बहुतेक ठिकाणी शिक्षक विचारतात आणि स्टायनर उत्तर देतात, असेच चित्र दिसते. अमक्या मुलाचे काय करावे, तमक्या वर्गाला कोणता शिक्षक द्यावा, वेळापत्रक कसे लावावे, सगळ्याचा अखेरचा शब्द त्यांचा. शिक्षकांची निवडही तेच करीत. मार्च १९२५मध्ये त्यांचे निधन झाले आणि मगच शिक्षकांच्या सामूहिक कारभाराची खरी परीक्षा सुरू झाली. तोवर ही शाळा हजाराच्या आसपास मुलांची होत आली होती.

पुढे नाझी राजवटीला स्वतःच्या अखत्यारीबाहेर चालणाऱ्या शाळा नकोच होत्या. श्टुटगार्टची शाळा १९३८मध्ये बंद पडली आणि १९४१पर्यंत जर्मनीतील एकही वॉल्डॉर्फ शाळा उरली नाही. १९४५मध्ये युद्ध संपताच श्टुटगार्टची शाळा पुन्हा उघडली. आज ७०हून अधिक देशांत मिळून हजाराच्या वर शाळा आहेत. बालवाड्या त्याहून जास्त.

बैठकीत नेमके काय होते?

जर्मनीत ही बैठक परंपरेने गुरुवारी दुपारी भरते, म्हणून कित्येक शाळांत ‘गुरुवार’ म्हटले की शिक्षकांना वेगळे काही सांगावे लागत नाही. इतर देशांत वार बदलतो, पण आठवड्याची बैठक चुकत नाही. दोन-तीन तास तरी ती चालते. हजेरी सर्व शिक्षकांची, म्हणजे विणकाम शिकवणाऱ्यांचीही आणि भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांचीही.

बैठकीचे ढोबळमानाने तीन तुकडे पडतात. पहिला शैक्षणिक. यात एखाद्या ग्रंथाचे किंवा लेखाचे सामूहिक वाचन, एखाद्या शिक्षकाने आपल्या वर्गात काय केले त्याचे सादरीकरण आणि एखाद्या मुलाबद्दल किंवा वर्गाबद्दल चर्चा. अनेक शाळांत सुरुवातीला सगळे मिळून गातात, चित्र काढतात किंवा मातीकाम करतात. बाहेरच्याला हे वेळ घालवणे वाटेल. त्यामागे विचार असा, की गणिताच्या शिक्षकाने वर्षानुवर्षे न जमणारे काहीतरी हाती घेतले, की न जमणाऱ्या मुलाला काय वाटते ते त्याला आठवते. हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे.

दुसरा तुकडा कामकाजाचा. सहल कधी, मंचावरचे नाटक कोणाचे, रजेवरच्या शिक्षकाचा तास कोण घेणार. तिसरा निर्णयांचा. नवी नेमणूक, पैसा, धोरण. हा तिसरा भाग बऱ्याच शाळांत सर्वांसाठी खुला नसतो. काही वर्षे शाळेत काढलेल्या आणि जबाबदारी घ्यायला तयार असलेल्या शिक्षकांचे मंडळ तो सांभाळते. अमेरिका, ब्रिटनमध्ये याला ‘कॉलेज ऑफ टीचर्स’ म्हणतात. हे कॉलेज म्हणजे महाविद्यालय नव्हे, शिक्षकांचे मंडळ.

निर्णय शक्यतो मतदानाने न घेता सर्वसंमतीने घ्यायचा, असा संकेत आहे. तीस जणांची सर्वसंमती म्हणजे काय, हे कोणत्याही गृहनिर्माण सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला बसलेला माणूस सांगू शकेल. म्हणून आता पुष्कळ शाळांनी कामे वाटून दिली आहेत. दोन-तीन शिक्षकांना ठरावीक मुदतीसाठी एखाद्या कामाचा पूर्ण अधिकार द्यायचा, मुदत संपली की त्यांनी हिशेब मांडायचा. त्या काळात बाकीच्यांनी त्यात ढवळाढवळ करायची नाही. हा शेवटचा नियम कागदावर सोपा आणि पाळायला सर्वात अवघड.

एका मुलासाठी तासभर?

बैठकीतला सर्वात वेगळा आणि शिक्षकाला सर्वात जास्त शिकवणारा भाग म्हणजे एकाच मुलाचा सामूहिक विचार. जर्मनमध्ये याला मुलाची परिषद अशा अर्थाचा शब्द आहे, इंग्रजी देशांत ‘चाइल्ड स्टडी’ म्हणतात.

समजा, तिसरीतला एक मुलगा आहे. वहीत काही उतरवत नाही, मधल्या सुटीत मारामारी करतो. नेहमीच्या शिक्षक खोलीत त्याच्याबद्दल दोन वाक्ये होतील, ‘घरचे लक्ष देत नाहीत’ आणि ‘द्वाड आहे’. इथे नियम असा, की पहिल्या फेरीत कोणीही निष्कर्ष काढायचा नाही. फक्त जे दिसले ते सांगायचे. वर्गशिक्षक सांगतो, तो चालताना टाचा टेकवत नाही. सकाळी दारात हात मिळवतो तेव्हा हात थंड असतो. (प्रत्येक मुलाशी रोज हस्तांदोलन करून त्याला वर्गात घेणे ही या शाळांची जुनी रीत.) हस्तकलेच्या बाई सांगतात, विणताना टाके इतके घट्ट घालतो की सुई सरकत नाही. संगीताचे शिक्षक सांगतात, सूर बरोबर लावतो, पण आवाज बाहेर काढत नाही. खेळाचे शिक्षक सांगतात, चेंडू आला की डोळे मिटतो. त्याची चित्रे, वह्या मध्ये टेबलावर ठेवलेल्या असतात. शाळेला डॉक्टर जोडलेला असेल तर तोही असतो. श्टुटगार्टच्या शाळेत ऑयगेन कोलिस्को हे डॉक्टर १९२०पासून शिक्षकांबरोबर काम करू लागले आणि ही प्रथा तिथून आली.

पाच जणांच्या पाच निरीक्षणांतून एक चित्र तयार होते, जे एकट्या वर्गशिक्षकाला दिसले नसते. डोळे मिटणे, वहीत न उतरवणे यांचा संबंध नजरेशी तर नाही ना? आधी डोळे तपासून घ्या, असे कोणीतरी म्हणते. मग तीन-चार साध्या गोष्टी ठरतात, त्या कोण करणार हे ठरते आणि काही आठवड्यांनी पुन्हा आढावा. मुलाचे नाव घेऊन इतक्या लोकांत बोलायचे, तर पालकांची परवानगी घ्यावी, असा आग्रह आता वाढला आहे. काही शाळांत पालकांनाही बैठकीच्या एका भागात बोलावतात.

यातून मुलाचे काय होते, हे मुलागणिक वेगळे. शिक्षकाचे मात्र नक्की होते. दिसलेले आणि वाटलेले यांत फरक करण्याची सवय लागते. सॉफ्टवेअरच्या जगात ज्याला ‘कोड रिव्ह्यू’ म्हणतात त्याची ही शाळेतली भावंड म्हणता येईल. फरक एवढाच, की तिथे चुकलेली ओळ खोडता येते.

दरवर्षी नवी इयत्ता, मग तयारी कधी?

आपल्याकडे चौथीचे शिक्षक वीस वर्षे चौथीला शिकवून त्या अभ्यासक्रमात मुरतात. वॉल्डॉर्फ वर्गशिक्षकाला ती चैन नाही. पहिलीला परीकथा, दुसरीला प्राणिकथा, तिसरीला घरबांधणी आणि शेती, चौथीला अपूर्णांक आणि उत्तर युरोपातील पुराणकथा, पाचवीला वनस्पतिशास्त्र आणि प्राचीन भारत, इराण, इजिप्त, ग्रीस. (जर्मन मुलेही पाचवीत बुद्धाची गोष्ट ऐकतात ती यामुळे.) सहावीला रोम आणि भौतिकशास्त्र, सातवीला रसायन, आठवीला औद्योगिक क्रांती. पाठ्यपुस्तक नसल्याने मजकूर शिक्षकानेच जमवायचा, सांगायचा आणि मुलांनी वहीत स्वतः लिहून-रंगवून पुस्तक तयार करायचे.

इतिहासाची आवड असलेल्या शिक्षकाला सातवीचे रसायन शिकवायचे म्हणजे काय, याची कल्पना करावी. म्हणून सुटीत इयत्तानिहाय वर्ग भरतात. अमेरिकेत जूनअखेर-जुलैत ज्यांना पुढच्या वर्षी पाचवी घ्यायची आहे ते पाचवीच्या वर्गाला, सहावी घ्यायची आहे ते सहावीच्या वर्गाला येतात. शिकवणारे बहुतेक नुकतीच ती इयत्ता पार केलेले शिक्षक. त्यांनी काय केले, काय फसले, फळ्यावर कोणते चित्र काढले, कोणता प्रयोग वर्गात पेटलाच नाही, असे सगळे तिथे सांगितले जाते. जुन्या वह्यांची देवाणघेवाण होते. एका इयत्तेला एकदाच आठ वर्षांत तोंड देणाऱ्या शिक्षकासाठी हा आठवडा एखाद्या पदविकेपेक्षा उपयोगी असतो.

मोठ्या पातळीवर स्वित्झर्लंडमधील डोर्नाख येथील गोएथेआनुम ही संस्था जगभरच्या शिक्षकांची परिषद भरवते. आशियातील शिक्षकांची स्वतंत्र परिषदही भरत आली आहे. जर्मनीत शाळांचा संघ आहे, स्वतंत्र प्रशिक्षण संस्था आहेत आणि बॉनजवळच्या आल्फ्टर गावातील अलानुस विद्यापीठात या शिक्षणपद्धतीचा पदव्युत्तर अभ्यासही करता येतो.

नव्या शिक्षकाला कोण सांभाळते?

बऱ्याच शाळांत पहिल्या वर्षी एक अनुभवी शिक्षक जोडीला देतात. तो वर्गात मागे बसून पाहतो, तासानंतर बोलतो आणि नवा शिक्षकही त्याच्या वर्गात जाऊन बसतो. पुढेही एकमेकांच्या वर्गात जाण्याची प्रथा असते. काही वर्षांच्या अंतराने दुसऱ्या शाळेतील अनुभवी शिक्षकाला बोलावून मूल्यमापन करून घेतले जाते.

अडचण अशी, की वर्गात मागे बसलेला माणूस मार्गदर्शक आहे की परीक्षक? मुख्याध्यापक असेल तर कान उघडणी करण्याचे अप्रिय काम त्याचे. तो नसेल तर ज्याच्याबरोबर रोज चहा प्यायचा त्यालाच ‘तुझा वर्ग घसरतो आहे’ हे सांगायचे. माणसे हे टाळतात. चांगल्या शाळा म्हणून दोन्ही भूमिका वेगळ्या ठेवतात. सोबत करणारा तो मूल्यमापन करत नाही, आणि मूल्यमापन करणारा रोजचा सहकारी नसतो. ज्या शाळा हे करत नाहीत तिथे पालकांची तक्रार आधी कोणाकडे न्यायची हेच ठरत नाही. पालक वर्गशिक्षकाकडे जातात, वर्गशिक्षक मंडळाकडे पाठवतो, मंडळ पुढच्या आठवड्याच्या बैठकीकडे. तोवर सहामाही संपते.

काही देशांत आता आठऐवजी सहा वर्षांनी वर्गशिक्षक बदलतात. वयात येणाऱ्या मुलांना विषयतज्ज्ञ हवेत, हे एक कारण. एका शिक्षकावरचा भार कमी व्हावा, हे दुसरे.

कुठे बिनसले?

याचे बोलके उदाहरण इंग्लंडचे. तिथे २००८मध्ये हेरफर्ड येथे सरकारी पैशांवर चालणारी पहिली स्टायनर शाळा झाली. पाठोपाठ फ्रोम, एक्सेटर आणि ब्रिस्टल येथे आणखी तीन निघाल्या. जानेवारी २०१९मध्ये शाळा तपासणाऱ्या ‘ऑफस्टेड’ या यंत्रणेने या नंतरच्या तिन्ही शाळांना सर्वात खालची श्रेणी दिल्याचे जाहीर झाले. मुलांच्या सुरक्षिततेतील ढिलाई, विशेष गरजा असलेल्या मुलांकडे दुर्लक्ष, कच्चे अध्यापन आणि कारभारातील कमकुवतपणा, असे ताशेरे होते. तत्कालीन मुख्य निरीक्षक अमांडा स्पीलमन यांनी शिक्षणमंत्र्यांना पत्र लिहून, या दोषांचे मूळ स्टायनर शिक्षणाच्या तत्त्वांतच आहे का, हे तपासावे असे सुचवले.

पुढचा भाग भारतीय वाचकाला चकित करील. या तिन्ही शाळा त्याच वर्षी ‘अवंती स्कूल्स ट्रस्ट’ने ताब्यात घेतल्या. ही संस्था मूळची हिंदू विचारांच्या शाळा चालवणारी. शाळांची नावे बदलली, कारभारही.

या शाळांना प्राचार्य होते, त्यामुळे सगळे खापर मुख्याध्यापक नसण्यावर फोडता येणार नाही. पण निरीक्षकांच्या नोंदींतून एक गोष्ट दिसते. शिक्षकांचा एकमेकांवरचा विश्वास ही चांगली गोष्ट असली, तरी नोंदवही, ठरलेली पद्धत आणि बाहेरची नजर यांना तो पर्याय नाही. मूल धोक्यात आहे का, हा प्रश्न सर्वसंमतीची वाट पाहू शकत नाही.

दुसरा आक्षेप बैठकीत वाचल्या जाणाऱ्या ग्रंथांवर आहे. स्टायनर यांची ‘अँथ्रोपोसॉफी’ पुनर्जन्म आणि कर्म मानते. मुलांचे चार स्वभावप्रकार मानण्याची जुनी ग्रीक कल्पना त्यांनी शिक्षकांपुढे ठेवली आणि ती आजही काही शिक्षक वापरतात. तिला आधुनिक मानसशास्त्राचा आधार नाही. त्यांच्या काही लेखनात वंशांची उतरंड मांडलेली आहे. जर्मनीतील शाळांच्या संघाने २००७मध्ये ‘श्टुटगार्ट जाहीरनामा’ काढून वंशभेदाला विरोध नोंदवला. प्रश्न मात्र रोजच्या बैठकीचा आहे. शंभर वर्षांपूर्वीचा ग्रंथ शिक्षक तपासायला उघडतात, की पारायणाला? वाचनावर काम केलेल्या एखाद्या आजच्या संशोधकाचा लेख त्याच टेबलावर येतो का? मघाच्या त्या तिसरीतल्या मुलाला ‘तापट प्रकृतीचा’ ठरवून बैठक उठली, तर त्याचे डोळे कोणी तपासणार नाही.

भारतात आणि महाराष्ट्रात काय स्थिती?

हैदराबादची ‘श्लोक’ ही १९९७ची, मुंबईची ‘त्रिधा’ २०००ची. त्यानंतर मुंबई, पुणे, बंगळूरु, चेन्नई अशा शहरांत शाळा आणि बालवाड्या निघाल्या. महाराष्ट्राचे या चळवळीत एक वेगळे स्थान आहे. खंडाळ्यात अनेक वर्षे भरत आलेल्या प्रशिक्षण शिबिरात देशभरचे शिक्षक आणि युरोपातील अनुभवी मार्गदर्शक एकत्र येत आले. नोकरी सांभाळून, सुटीसुटीत, काही वर्षांत पुरे करायचे असे या प्रशिक्षणाचे स्वरूप राहिले. दुसरा पेशा सोडून शिक्षक झालेल्यांना ते सोयीचे ठरले.

इथल्या शिक्षकांपुढे आणखी एक काम असते. अभ्यासक्रमाचा सांगाडा युरोपचा, मुले अंधेरी किंवा कोथरूडची. दुसरीच्या प्राणिकथांच्या जागी पंचतंत्र आणि जातककथा सहज बसतात. पण ऋतूंचे सण कोणते घ्यायचे? डिसेंबरात बर्फाचे गाणे की पौषातली संक्रांत? चौथीला उत्तर युरोपच्या देवांच्या कथा किती आणि आपल्याकडच्या किती? याचे उत्तर कोणत्याही ग्रंथात नाही. ते त्या त्या शाळेच्या शिक्षकांनी बसून काढायचे. त्यातून जी टिपणे तयार होतात ती दुसऱ्या शाळेपर्यंत पोहोचली नाहीत, तर प्रत्येक शाळा तेच काम पहिल्यापासून करत बसते.

कायद्याची बाजूही आहे. शिक्षणहक्क कायद्यानुसार शिक्षकाला ठरवून दिलेली पात्रता लागते. वॉल्डॉर्फचे प्रमाणपत्र हे बीएड किंवा डीएलएडला पर्याय ठरत नाही. आणि दहावीला कोणते ना कोणते मंडळ निवडावेच लागते, त्यामुळे वरच्या वर्गांत परीक्षेची तयारी आणि ही पद्धत यांचा मेळ घालण्यात बैठकीचा मोठा वेळ जातो.

जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकाला यात नवे काय?

सहकाऱ्यांनी एकत्र बसून शिकणे महाराष्ट्राला नवे नाही. केंद्रातील शाळांच्या शिक्षकांची शिक्षण परिषद होते, केंद्रप्रमुख ती घेतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण सुचवले. ‘निष्ठा’सारखे वर्ग झाले, ‘दीक्षा’वर अभ्यासक्रम आले.

फरक तासांच्या संख्येत शोधू नये. आठवड्याला दोन तास धरले, तरी वॉल्डॉर्फ शिक्षक वर्षाला ५० तासांच्या पुढे सहज जातो. पण त्या तासांचा विषय कोण ठरवतो, हे पाहण्याजोगे आहे. केंद्राच्या परिषदेत बहुधा वरून आलेला विषय, वरून आलेले सादरीकरण आणि शेवटी वरून मागवलेली माहिती असते. आपल्या वर्गातल्या एका मुलाबद्दल तासभर बोलायला तिथे जागा नसते. दोनशिक्षकी शाळेत तर एकच सहकारी असतो आणि तो बहुतेक वेळा कोणत्या तरी सर्वेक्षणावर गेलेला असतो. म्हणून वॉल्डॉर्फची नक्कल करून भागणार नाही. तिथे साठ मुलांमागे चार-पाच नजरा असतात आणि पालक त्याचे शुल्क भरतात. तरीही ‘आधी फक्त दिसलेले सांगा’ हा नियम आणि इयत्ता नुकतीच शिकवून झालेल्याने पुढच्याला तयार करणे, या दोन गोष्टींना पैसा लागत नाही. एका केंद्रात अनेक शाळा असतात, तिथे हे जमू शकते.

पालकांनी शाळेला काय विचारावे?

वॉल्डॉर्फ शाळेत प्रवेश घेताना बहुतेक पालक दहावीचे मंडळ आणि शुल्क विचारून थांबतात. वर्गशिक्षकाच्या तासाला गेल्या वर्षभरात कोण येऊन बसले, तक्रार लेखी कोणाकडे द्यायची आणि किती दिवसांत उत्तर मिळते, मुलाबद्दल सामूहिक चर्चा झाली तर पालकांना कळवतात का, वर्गशिक्षक मध्येच शाळा सोडून गेला तर वर्ग कोणाकडे जातो, हेही विचारायला हवे. शेवटच्या प्रश्नावर शाळा किती वेळ घुटमळते, तेवढ्यावरून तिच्या साप्ताहिक बैठकीचा बराचसा अंदाज येतो.